घरतपासणीचा अहवाल : कोणी कोणाला द्यावा, कोणी वापरावा

कोकणात घर विकायला काढले की आधी फोटो फिरतात, मग सातबारा आणि असेसमेंटचा (घरपट्टीचा) उतारा. अलीकडे त्यांच्या जोडीला इंजिनिअरचा तपासणी अहवालही फिरू लागला आहे. एका गिऱ्हाइकाने पैसे मोजून तो करून घेतलेला असतो, त्याचा व्यवहार फिसकटतो, आणि तीच पीडीएफ दलालाच्या मोबाइलवरून दुसऱ्या-तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचते. फुकटात मिळाली म्हणून पुढचा माणूस ती ठेवून घेतो आणि तेवढ्यावरच बयाणा देऊन बसतो. पुढे मृगाच्या पावसात छप्पर गळायला लागले की कोणाला धरायचे याचा शोध सुरू होतो. बहुतेक वेळा धरण्यासारखे कोणीच नसते.

अहवालाची प्रत हाती येणे वेगळे आणि त्यावर विसंबायचा हक्क मिळणे वेगळे. सगळे घोटाळे हे दोन एकच समजल्यामुळे होतात.

कागद, मजकूर आणि भरवसा

आपल्याकडे ‘घर तपासनीस’ असा स्वतंत्र सरकारी परवाना नाही. तालुक्याच्या गावचे सिव्हिल इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट हे काम करतात. त्यामुळे अहवाल कोणी कसा वापरायचा याची तयार नियमावली कुठे मिळत नाही. काम देताना जे लिहून घेतले असेल ते चालते, आणि काहीच लिहिले नसेल तर सर्वसाधारण कायदे लागू होतात.

कागदाची प्रत पैसे देणाऱ्याची. ज्या कामासाठी अहवाल केला त्या कामासाठी तो ती वापरू शकतो. घर घ्यायचे म्हणून केला असेल तर घरच्यांना, वकिलाला, कर्ज देणाऱ्या बँकेला, दुरुस्तीचा अंदाज काढणाऱ्या ठेकेदाराला दाखवणे यात काही गैर नाही आणि कोणी इंजिनिअर त्याला हरकतही घेत नाही.

मजकुराची गोष्ट निराळी. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे लिखाणाचा पहिला मालक ते लिहिणारा. इंजिनिअर तुमचा पगारी नोकर नसतो, स्वतंत्रपणे काम करतो; म्हणून बिल चुकते केले तरी मजकुराचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. तो तुमच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी, सहीचा कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. याच कलम १७ मध्ये एक गंमत आहे. पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतले, तर उलट काही ठरले नसल्यास त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे एकाच अहवालातला मजकूर इंजिनिअरचा आणि फोटो तुमचे असे होऊ शकते. घराचा नकाशा किंवा स्केच मात्र या सवलतीत बसत नाही. खरे तर घर घेणाऱ्याला कॉपीराइट विकत घ्यायची गरज नसते. कोणाकोणाला दाखवता येईल याची लेखी परवानगी असली की झाले.

तिसरी गोष्ट भरवशाची, आणि पैशाचा प्रश्न येतो तो इथेच. इंजिनिअरचा करार होतो तो काम देणाऱ्याशी. अहवालात चूक निघाली तर जाब विचारायचा हक्क सहसा त्याचाच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने हे वर्तुळ थोडे मोठे केले आहे : पैसे देणाऱ्याच्या संमतीने जो त्या सेवेचा लाभ घेतो तोही ग्राहक ठरतो. मुलाने मुंबईहून फी भरली आणि घर आईच्या नावावर घेतले, तर आईलाही तक्रार करता येईल असा युक्तिवाद त्यामुळे उभा राहतो. पण युक्तिवाद करत बसण्यापेक्षा अहवालावर दोघांची नावे घालून घ्यावीत. त्याला जादा पैसे पडत नाहीत. चाकरमान्यांच्या व्यवहारात हे हमखास राहून जाते. पैसे एकाचे, घर दुसऱ्याच्या नावावर, आणि तपासणीच्या दिवशी किल्ली घेऊन हजर असलेल्या चुलत्याचे नाव अहवालावर.

काम देतानाच काय लिहून घ्यायचे

अहवाल हातात आल्यावर त्याच्या वापराची परवानगी मागितली तर इंजिनिअर सावध होतो. काम देतानाच मागितली तर तो सहज लिहून देतो. अर्ध्या पानाचे पत्र पुरते. नमुना असा :

‘मौजे ……, ता. ……, येथील घर क्र. …… चा तपासणी अहवाल श्री./सौ. …… व …… यांच्यासाठी, हे घर विकत घ्यावे की नाही हे ठरवण्याकरिता करावयाचा आहे. दोघेही या अहवालावर विसंबू शकतील. अहवालाची पूर्ण प्रत ते आपले कुटुंबीय, वकील, कर्ज देणारी बँक आणि दुरुस्तीचा अंदाज देणारे ठेकेदार यांना देऊ शकतील. दराच्या बोलणीसाठी दोषांची यादी व त्यासंबंधीचे फोटो घरमालकास देता येतील. याखेरीज कोणास प्रत द्यायची असल्यास इंजिनिअरची लेखी संमती घ्यावी. प्रत मिळाली म्हणून त्या व्यक्तीस अहवालावर विसंबण्याचा हक्क मिळणार नाही. त्यासाठी तिच्या नावे वेगळे पत्र लागेल. अहवालाचा भाग तोडून किंवा फोटो सुटे करून जाहिरातीत वापरू नयेत. घरमालकाच्या संमतीने दि. …… रोजी आत प्रवेश करून तपासणी केली जाईल.’

शेवटचे वाक्य गाळू नका. घर अजून दुसऱ्याचे आहे. त्याच्या माजघराचे, देवघराचे, कपाटामागच्या ओलीचे फोटो निघणार आहेत, तेव्हा मालकाची परवानगी लेखी हवी. व्हॉट्सअॅपवरचा एका ओळीचा निरोपही चालतो. घर सामाईक असेल तर किल्ली ज्याच्याकडे तो एकटा हो म्हणाला एवढ्यावर जाऊ नका. असेसमेंटवर आणि सातबारावर ज्यांची नावे आहेत त्यांना निदान कळवून ठेवा. नाहीतर तपासणी चालू असताना एखादा भाऊबंद खळ्यात येऊन उभा राहतो आणि अर्धे घर बघायचे राहते. मग अहवालात ‘हा भाग पाहता आला नाही’ अशा नोंदी वाढतात आणि पुढे त्या नोंदीच कोणी वाचत नाही.

घरमालकाने सांभाळायचे

गिऱ्हाइकाने केलेला अहवाल मालकाला मिळावा असा मालकाचा आपोआप हक्क नाही. घर त्याचे असले तरी अहवालाचे पैसे त्याने दिलेले नसतात. पण दर पाडून घेण्यासाठी गिऱ्हाईक स्वतःच तो पुढे करते, आणि तिथून मालकाची परिस्थिती बदलते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५(१)(अ) प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साध्या काळजीने त्याच्या लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते न सांगणे याच कलमाच्या शेवटी कपट मानले आहे. अहवाल हाती येण्याआधी मालक म्हणू शकत होता की आढ्याखालचा वासा आतून पोकळ आहे हे मला ठाऊक नव्हते. अहवाल वाचल्यावर तसे म्हणता येत नाही. पहिले गिऱ्हाईक निघून गेले आणि पीडीएफ डिलीट केली तरी, पाठवल्याचा मेसेज पहिल्या गिऱ्हाइकाच्या फोनवर राहतोच.

म्हणून मालकाने अहवाल स्वीकारायचा की नाही हे आधी ठरवावे. ‘मला फक्त तुमचा दर सांगा, अहवाल नको’ म्हणणारे मालकही असतात. ते लबाडच असतील असे नाही, पण घर त्यांनाच पुन्हा विकायचे असते. आमच्या मते स्वीकारणे बरे. दोष कळतो, दुरुस्ती करता येते, आणि दुरुस्तीची बिले जोडून पुढच्या गिऱ्हाइकाला उघडपणे सांगता येते. सांगताना पहिल्या गिऱ्हाइकाचा अहवाल पुढे ढकलण्याची गरज नाही, आणि त्याच्या व इंजिनिअरच्या संमतीशिवाय ढकलूही नये. दोष आपल्या शब्दांत लिहून द्यावेत : ‘मागील पडवीच्या तीन वाशांना वाळवी लागली होती, मे महिन्यात बदलले, न्हाणीघराच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते.’ वस्तुस्थितीवर कोणाचा कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर आणि शब्दांवर असतो. हे निवेदन साठेकरारालाच परिशिष्ट म्हणून जोडले आणि त्यावर घेणाऱ्याची सही घेतली की पुढची वादावादी टळते. ‘घर जसे आहे तसे विकले’ एवढेच कलम घालून आणि माहीत असलेला दोष झाकून ठेवून निभावेल अशा भ्रमात राहू नये.

विक्रीआधी मालकाने स्वतःच तपासणी करून घेतली तर तो अहवाल मालकाने केलेला. गिऱ्हाइकांना दाखवायला तो मोकळा असावा म्हणून कामाच्या पत्रात तसे लिहून घ्यावे. गिऱ्हाइकाने मात्र तो माहितीपुरता वाचावा. त्याचे पैसे विकणाऱ्याने दिलेले असतात हे विसरू नये.

दुसऱ्याचा अहवाल हाती आला तर

आधी पाहा तो पूर्ण आहे का. पानांवर ‘२३ पैकी ७’ असे आकडे असतात. मधली पाने नसतील तर तिथेच थांबा. कापाकापी कशी होते ते एका उदाहरणावरून कळेल. अहवालातली मूळ ओळ अशी असते : ‘छपराचे वासे व रिपा, जेथे दिसू शकल्या तेथे, समाधानकारक. माजघरावरील पोटमाळा कुलूपबंद असल्याने तो भाग पाहिलेला नाही.’ गिऱ्हाइकाकडे येणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये ‘छपराचे वासे व रिपा … समाधानकारक’ एवढेच असते. खोटे काही लिहिलेले नाही, पण घराचा सगळ्यात महागडा भाग कोणी बघितलेलाच नाही हे कळत नाही.

मग तारीख बघा. कोकणात तपासणी कोणत्या महिन्यात झाली यावर अहवालाची अर्धी किंमत ठरते. एप्रिलमध्ये चिऱ्याची भिंत खडखडीत कोरडी असते. चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा नवा हात दिला असेल तर मागच्या पावसातले ओलीचे डाग आणि लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार) दिसतही नाही. त्याच भिंतीवर जुलैत पाण्याचा ओघळ असतो. मंगलोरी कौलांमध्ये एखादे सरकलेले असले तरी कोरड्या दिवसांत फार तर उजेडाची तिरीप येते, तीही कोणी माळ्यावर चढून पाहिली तर. वाळवीचे पंखवाले किडे पहिल्या पावसात दिव्याभोवती येतात, तेव्हा वारूळ जवळपास आहे हे कळते. इतर वेळी सुतार टोच्या घेऊन वासा टोचत नाही तोवर ती लपूनच राहते. विहिरीचे उलटे : खारे पाणी मचूळ लागते ते एप्रिल-मेमध्ये, ऑगस्टमधल्या तपासणीत पाणी गोडच निघणार. मालवण, वेंगुर्ले, हर्णे, श्रीवर्धन अशा किनाऱ्यालगतच्या घरांना दोन्ही ऋतूंत एकेक फेरी हवी. तितका वेळ नसेल तर ज्या ऋतूत तपासणी झाली नाही त्याबद्दल अहवालात प्रश्न म्हणून नोंद हवी.

तारखेनंतर काय घडले तेही विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक घरांची छपरे गेली; त्यानंतर अनेक ठिकाणी कौलांच्या जागी पत्रे आले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचे पाणी वरपर्यंत चढले. अशा घटनेच्या आधीचा अहवाल त्या घराबद्दल फारसे काही सांगत नाही, मग तो कितीही चांगल्या माणसाने केलेला असो.

स्लॅबच्या घराचे वेगळे दुखणे. खाऱ्या वाऱ्याने सळी गंजते, फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. आयएस ४५६ : २००० हे मानक किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला सळीवर किमान ४५ मि.मी. आवरण आणि एम-३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) दर्जा सांगते. जुन्या बांधकामांत आवरण याहून बरेच कमी सापडते. अहवालात नुसते ‘बाल्कनीखाली किरकोळ तडे’ असे असेल तर इंजिनिअरने ते डोळ्यांनीच पाहिले, हातोडीने ठोकून आवाज ऐकला, रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारे उपकरण) लावला, की फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारून कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचे सळी राखणारे गुण जाणे) किती खोल गेले ते पाहिले, हे शोधा. फवाऱ्याने गुलाबी होते ते काँक्रीट अजून सळीला राखते. रंग न आलेला थर सळीपर्यंत पोचला असेल तर गंज दूर नाही. क्षाराचे प्रमाण या फवाऱ्याने कळत नाही, आणि किनाऱ्यावर मुख्य शत्रू तोच. त्यासाठी काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत द्यावी लागते. पहिल्या गिऱ्हाइकाने यातल्या किती चाचण्यांचे पैसे दिले होते त्यावर अहवालाची खोली ठरलेली असते. त्याला कदाचित घर पाडून नवे बांधायचे असेल. मग त्याने छपराकडे बघायला सांगितलेच नसेल आणि सगळा जोर विहिरीवर, गडग्यावर आणि रस्त्यावर दिला असेल.

एवढे पाहूनही अहवाल कामाचा वाटला तर करायचे ते असे. त्यावर ज्या इंजिनिअरची सही आहे त्याला फोन करा. हा अहवाल अमुक तारखेचा आहे का, पाने किती होती, नंतर दुरुस्ती-पुरवणी काढली होती का, एवढे विचारा. पहिल्या गिऱ्हाइकाची संमती नसेल तर तो मजकुरावर बोलणार नाही, आणि न बोलणे बरोबरच आहे. मग त्यालाच पुन्हा फेरी मारायला सांगा आणि नवा अहवाल तुमच्या नावे काढून घ्या. घर माहीत असल्याने फी सहसा पहिल्यापेक्षा कमी पडते. पुन्हा भेट न देता नुसते नाव बदलून द्या असा आग्रह धरू नका. तसे करणारा इंजिनिअर मिळाला तर त्याच्या सहीची किंमत काय ते तुम्हीच ठरवा.

इंजिनिअर गाव सोडून गेला असेल किंवा पहिले गिऱ्हाईक संमती देत नसेल, तर जुना अहवाल आपल्या नव्या इंजिनिअरला वाचायला देण्याचा मोह होतो. त्याच्याकडून आधी स्वतंत्र तपासणी करून घ्या, नंतर दाखवा. आधी दाखवला की नजर तिथेच जाते.

दलाल, बँक, सोसायटी

दलालाला अहवाल वाटायचा स्वतःचा असा कोणताही हक्क नाही. त्याला देऊच नये असे नाही, पण ‘फक्त तुमच्या माहितीसाठी, पुढे पाठवू नये’ असे लेखी कळवून द्यावा. दलालाने गिऱ्हाइकाला सांगायचे ते एवढेच : एक तपासणी झाली आहे, हवी असल्यास संबंधितांना विचारून पाहा.

बँकेला अहवाल दिला तरी बँक त्यावर कर्ज देत नाही. ती आपल्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरला पाठवते आणि वकिलाकडून साधारण ३० वर्षांचा टायटल सर्च (मालकीहक्काचा शोध) घेते. ते दोन्ही अहवाल बँकेसाठी असतात, फी तुमच्या खात्यातून गेली तरी. व्हॅल्युअर घराची बाजारात काय किंमत येईल ते पाहतो, वासे टोचत नाही. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर मजबूत’ हा समज रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे आहे आणि सगळीकडे तितकाच चुकीचा आहे.

फ्लॅटचा मामला थोडा वेगळा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढची असेल तर ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. ते संस्थेच्या पैशाने होते, म्हणून अहवाल संस्थेचा, आणि सभासदाला तो पाहायला मागता येतो. बाहेरच्या गिऱ्हाइकाने थेट सेक्रेटरीकडे जाऊ नये. विकणाऱ्या सभासदाला अर्ज करायला सांगावे. त्यात पाहायचे ते तुमच्या फ्लॅटचे प्लास्टर नव्हे, तर स्टिल्टचे (तळाच्या मोकळ्या पार्किंगचे) खांब, पाण्याची टाकी आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग, कारण त्याची वर्गणी उद्या तुमच्या माथी येणार आहे. इमारत नवी असेल तर रेरा (स्थावर संपदा) कायद्याचे कलम १४(३) लक्षात ठेवा : ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणला तर त्याने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. अशा वेळी तुमच्या इंजिनिअरचा अहवाल बिल्डरला द्यायचा असतोच. कामाच्या पत्रात ‘बिल्डर व महारेरा’ (महारेरा म्हणजे या कायद्याखालचे राज्याचे प्राधिकरण) ही दोन नावे घालायला विसरू नका.

ज्या कामाला हा अहवाल चालत नाही

हद्दीच्या भांडणात तो काढू नये. इंजिनिअरने टेपने घेतलेली मापे म्हणजे मोजणी नव्हे. ती भूमी अभिलेख कार्यालयाची. भरतीरेषेपासून घर किती अंतरावर आहे, सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) बसते की नाही, हेही या अहवालावरून ठरत नाही. वाटपाच्या दाव्यात एका हिस्सेदाराने आणलेल्या खाजगी अहवालाला मर्यादित वजन असते. न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली स्वतःचा कोर्ट कमिशनर नेमू शकते. तिथे तुमचा अहवाल कमिशनरपुढे मांडायला उपयोगी पडतो, इतकेच.

कोर्टात किंवा ग्राहक आयोगात अहवाल दाखल करायला इंजिनिअरची परवानगी लागत नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ न्यायालयीन कामासाठी प्रत काढायला मोकळीक देते. लागतो तो इंजिनिअर स्वतः, साक्षीला. पीडीएफ दाखल करायची तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून ज्या ई-मेलवर अहवाल आला तो ई-मेल जपून ठेवा, पुढून पुढे आलेली प्रत नव्हे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे.

प्रत कशी पाठवायची

कोकणातली बरीच घरे वर्षातले बरेच महिने बंद असतात आणि तपासणी अहवाल म्हणजे बंद घराची पुरती माहिती : मागच्या दाराची कडी सैल आहे, खिडकीचा गज निघालेला आहे, राखण्या रात्री नसतो. हे कागद गावच्या दोनशे माणसांच्या ग्रुपवर जाता कामा नयेत. बाहेर द्यायच्या प्रतीतून कुलपांचे, तिजोरीचे, देव्हाऱ्यातल्या चांदीचे फोटो, मालकाचा फोन नंबर आणि आधारची झेरॉक्स काढून टाका. काय काढले ते त्या पानावर लिहा, म्हणजे कोणी दोष लपवले असे म्हणणार नाही.

काळी पट्टी ओढताना एक चूक नेहमी होते. पीडीएफवर काळा चौकोन चिकटवला तरी खालचा मजकूर तसाच राहतो. कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की वाचता येतो. पान छापा, मार्करने खोडा, उजेडात धरून पाहा आणि मग स्कॅन करा. सुटे फोटो मूळ फाइल म्हणून पाठवले तर त्यात घराचे अक्षांश-रेखांश जातात. लोकेशन काढून पाठवा.

प्रत्येक पानावर घेणाऱ्याचे नाव आणि तारीख पुसट छापून द्या : ‘ही प्रत श्री. …… यांच्यासाठी’. प्रत फिरलीच तर कोणाकडून फिरली ते कळते, आणि कळणार आहे म्हणून ती बहुधा फिरत नाही. कोणाला, कधी, कशासाठी दिली याची नोंद एका वहीत किंवा ई-मेलच्या फोल्डरमध्ये ठेवा. ‘एकदाच पाहता येईल’ या मेसेजवर भरवसा नको. समोरचा दुसऱ्या फोनने फोटो काढतो.

अहवाल आधीच पसरला असेल तर इंजिनिअरला लगेच कळवा. तो आपल्या लेटरहेडवर एक छोटे पत्र काढू शकतो : अमुक तारखेचा अहवाल अमुक व्यक्तीसाठी होता, इतरांनी त्यावर विसंबू नये, त्यानंतर घरात झालेले बदल पाहिलेले नाहीत. ते पत्र मालकाला आणि दलालाला पाठवा, पोच घ्या, आणि ज्या ग्रुपवर पीडीएफ पडली आहे त्याच्या अॅडमिनला फाइल काढायला सांगा. पत्र मिळाल्यावरही दलाल तोच अहवाल दाखवत राहिला तर पुढच्या नोटिशीत त्या पोचेची तारीख वकिलाला उपयोगी पडते.